पहिल्या गियरातले काका

माउंटन बाइकचा सगळ्यात हलका गियर लावला, म्हणजे पुढे २२ दात्यांची चकती आणि मागे ३४ दात्यांची, की पायडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. नवशिक्याचे पाय मिनिटाला साठेक फेऱ्या मारतात, त्याही देवाचं नाव घेत. गुणाकार करून बघा, ताशी सव्वापाच-साडेपाच किलोमीटर होतात. आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी येणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा, डॉक्टरांनी नेमून दिलेला, वेगही नेमका तेवढाच असतो.

सायकल विकणारा हे सांगत नाही. तो बाकीचं सगळं सांगतो. चाक २९ इंचीच का हवं, पुढच्या सस्पेन्शनला १०० मिलिमीटरचा खेळ का लागतो, डिस्क ब्रेक हायड्रॉलिकच का घ्यावेत. घंटी, स्टँड, मडगार्ड आणि कॅरिअर यांतलं काहीच या पैशांत येत नाही, हे मात्र पैसे भरून झाल्यावर कळतं, आणि मागितलं तर तो आपल्याकडे दयेने बघतो. बेचाळीस हजार रुपये. (घरी मी चोवीस सांगितले आहेत. सायकल घेणारा प्रत्येक नवरा हेच करतो, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नाही.)

तर परवा रविवारी एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या बाजूने टेकडी चढत होतो. खाली मुरूम, मधेमधे कातळ, दोन्हीकडे गिरिपुष्पाची झाडं. काका डावीकडून आले. पांढरी टोपी, हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी, टेकायला नव्हे.

"कितीला घेतली?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. खोटं बोलायला डोक्यात थोडं रक्त असावं लागतं. माझं सगळं मांड्यांत होतं.

"बेचाळीस."

"शे?"

"हजार."

काका जागच्या जागी थांबले. मला वाटलं, सुटलो. जिवाच्या आकांताने पायडल मारली, आणि चार ढांगांत ते पुन्हा शेजारी.

"स्टँड दिसत नाही."

"नसतो."

"मग लावता कुठे?"

"आडवी... ठेवायची."

"बेचाळीस हजारांची वस्तू आडवी पाडून ठेवता." शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. "कॅरिअर?"

"नाही."

"मडगार्ड?"

"नाही."

"घंटी तरी?"

"ना..."

"मग आहे काय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी "सस्" एवढं म्हणालो आणि पुढचं चाक एका दगडावर चढून डावीकडे वळलं. तेव्हा काकांनी हँडल धरलं. हे मला अजून लागतंय. चालत्या माणसाने चालती सायकल हाताने सरळ केली आणि पाचवीतल्या पोराला शिकवताना सोडतात तशी अलगद सोडून दिली. "हं, मारा आता." वर एकदा सीटला मागून आधारही दिला. सीटला म्हणजे सायकलच्या, पण सायकलवाल्यांच्या चड्डीला आत गादी शिवलेली असल्यामुळे बघणाऱ्याला नेमकं कळत नव्हतं. समोरून हास्यक्लबच्या चार बायका येत होत्या. क्लब अजून सुरू व्हायचा होता, तरी त्या हसल्या.

डोंगरात सायकल हाणायचा हा खेळ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सुरू झाला. तिथली पोरं जुन्या वजनदार सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडायची. पायडल उलटं मारून लागणारे ब्रेक उतारावर इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याला 'रीपॅक' नाव पडलं. १९७६ पासून तिथे शर्यती झाल्या, वीस वर्षांनी अटलांटाला ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. एवढा मोठा इतिहास, आणि त्यात एकदाही कोणी वर जाणाऱ्याला थांबवून मडगार्डचं विचारल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही काकांच्याच पंथातला. या चाकांना प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. बारीक, टोकाला इवलासा नट, तो सैल केल्याशिवाय हवा जात नाही. त्याने दोन बोटांत धरून बघितला, म्हणाला, "साहेब, ह्याला तोंडच नाय." मग माझ्याकडे बघून, "दुकानदाराला परत करा."

असो. चढ संपला. आता उतार, म्हणजे आता काकांपासून सुटका, असं कोणालाही वाटेल. पण उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड प्रकरण आहे. सीट खाली घ्यायची, ढुंगण मागे न्यायचं, दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवायची, आणि जिथे जायचं तिकडे बघायचं; दगडाकडे बघितलं की सायकल दगडावरच जाते. शिवाय खरं काम पुढचा ब्रेक करतो, तो हळूहळू दाबायचा. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकच तांत्रिक सल्ला दिला होता, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. तेव्हा मी सरळ उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. काकाही चालू लागले. आता तर मला बोलायला दमही होता, त्यामुळे त्यांनी विषय वाढवला.

"तुमच्या या दातेरी टायरनी टेकडीची माती सुटते."

इथे मात्र माझी सटकली. एकट्या सायकलवाल्याला हे ऐकवायला सगळे मोकळे. बालभारती ते पौड फाटा रस्ता याच टेकडीच्या कुशीतून काढायचं घाटतंय, वरच्या जुन्या खाणीच्या आसपास बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात, आणि माती म्हणे माझ्या टायरने सुटते! खाली डांबरी रस्त्यावर गेलो तर बसवाला कडेला दाबतो, मोटारवाला हॉर्न मारून सांगतो की रस्ता बापाचा नाही. सायकल ट्रॅकवर भाजीच्या गाड्या आणि पार्क केलेल्या स्कूटर. म्हणून माणूस डोंगरावर येतो, तर तिथे भूगर्भशास्त्र. हे सगळं मी काकांना बोललो. थोडं चढ्या आवाजात बोललो. त्यांनी शांतपणे मोबाइल काढला, एक फोटो घेतला आणि "चालू द्या तुमचं" म्हणून चतुःशृंगीकडे वळले.

संध्याकाळी तो फोटो तीन ग्रुप फिरून सासूबाईंकडे आणि तिथून आमच्या घरी आला. वर मजकूर, "टेकडीवर बेदरकार सायकलस्वारांचा सुळसुळाट. ज्येष्ठांनी सावध राहावे." फोटोत मी हेल्मेट आणि गुडघ्यांची कवचं घालून, सायकल हातात धरून, पायी चालतोय. बेदरकार! त्याखाली कोणीतरी विचारलं होतं, असल्या सायकलींना पडतात तरी किती? आणि काकांचं उत्तर, "रु. ४२,०००/- फक्त. समक्ष विचारून खात्री केली आहे. स्टँड नाही."

बायकोने ते दोनदा वाचलं.

"मग चोवीस कशाचे?"

सपाट जमीन होती, पंखा चालू होता, श्वासही व्यवस्थित होता. तरी काही सुचलं नाही.