बूटलोडर उघडला म्हणून टॅबलेटचा लॅपटॉप होत नाही

जुन्या अँड्रॉइड टॅबलेटबद्दल एक सल्ला सर्रास फॉरवर्ड होतो: टॅबलेट म्हणजे छोटा लॅपटॉपच, बूटलोडर (यंत्र सुरू करणारा, कंपनीने सहसा कुलूपबंद ठेवलेला प्रोग्रॅम) उघडा, लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाका, पडद्यापासून बॅटरीपर्यंत सगळं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, आपोआप ओळखेल, नाहीच चाललं तर दोष कंपनीने घातलेल्या कुलपाचा, त्याच मॉडेलची फाइल मिळाली की झालं, चुकलं तर फार तर पडदा लागणार नाही. जुनं यंत्र कचऱ्यात जाऊ नये ही त्यामागची तळमळ मलाही आहे. म्हणूनच हा सल्ला जसाच्या तसा पुढे पाठवू नये असं मला वाटतं.

“आपोआप ओळखेल” हे लॅपटॉपपुरतं बरंचसं खरं आहे. पीसीआय आणि यूएसबी या जोडण्यांवरची उपकरणं विचारलं की आपली ओळख सांगतात, बाकीचं यंत्रातच साठवलेल्या एसीपीआय नावाच्या तक्त्यांत सापडतं. एआरएम प्रोसेसरच्या टॅबलेटमध्ये आयस्क्वेअरसी बसवरची (चिपांना जोडणाऱ्या सामाईक तारांवरची) चिप अशी ओळख सांगत नाही. ती कोणत्या पत्त्यावर आहे, पडद्याला वीज कोणत्या रेग्युलेटरमधून (ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागातून) जाते, बॅकलाइट कोणत्या पीडब्ल्यूएमवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या सिग्नलवर) चालतो, हे सगळं डिव्हाइस ट्री या हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलीमध्ये कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. लिहिलं नाही, तर कर्नलच्या लेखी तो पडदा अस्तित्वातच नसतो.

आता कुलपाचं. गुगलचा २०१२ चा नेक्सस ७ टॅबलेट घ्या. त्याचा बूटलोडर उघडायची सोय गुगलने स्वतःच दिली होती. कंपनीच्या ३.१ कर्नलचा स्रोतही खुला होता. तरी मुख्य लिनक्स कर्नलमध्ये त्याचं डिव्हाइस ट्री आलं २०२० साली, ५.९ आवृत्तीत. जुन्या कर्नलमध्ये विजेची आणि पडद्याची माहिती सी भाषेतल्या बोर्ड-फाइलींत विखुरलेली होती. ती वाचून, पडताळून नव्या पद्धतीने मांडणं हे खरं काम, आणि ते कुलूप उघडल्यानंतर सुरू होतं.

“त्याच मॉडेलची फाइल मिळाली की झालं” हेही याच टॅबलेटवर खोटं ठरतं. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या नेक्सस ७ मध्ये दोन वेगवेगळे पॉवर मॅनेजमेंट आयसी (वीज वाटणाऱ्या चिपा) सापडतात: काहींत मॅक्सिमचा, काहींत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. म्हणून कर्नलमध्ये ई१५६५ आणि पीएम२६९ या बोर्डांसाठी स्वतंत्र फाइली आहेत. पडद्याची पॅनेलही दोन कंपन्यांची, हायडिस आणि चुंगहवा. मात्र दोन्ही एकाच टायमिंगवर (पडद्याला चित्र पाठवायच्या वेळापत्रकावर) चालतात, एवढं बरं.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं: “चुकलं तर फार तर पडदा लागणार नाही.” डिव्हाइस ट्रीतल्या रेग्युलेटरच्या नोडमध्ये (नोंदीत) किमान आणि कमाल व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये लिहिलेलं असतं. तिथे १८००००० ऐवजी ३३००००० लिहिलं आणि तो रेग्युलेटर तेवढं देऊ शकत असला, तर कर्नल तुमचं म्हणणं खरं मानतो आणि १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्ट मिळू शकतात. बॅटरीचंही तेच. काही लिथियम सेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरतात, साधे ४.२ पर्यंतच. दुसऱ्या टॅबलेटची मर्यादा इथे चिकटवणं म्हणजे सेल फुगण्याला आमंत्रण.

उलटाही घोटाळा होतो. बूटलोडरने लावलेला पडदा छान दिसत असतो आणि साधारण ३० सेकंदांनी अचानक काळा होतो. पॅनेल जळालं असं समजून लोक टॅबलेट उघडतात. बहुतेकदा जळालेलं काहीच नसतं: ज्या रेग्युलेटरवर कोणत्याही ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) हक्क सांगितलेला नाही, तो कर्नल बूटनंतर तेवढ्या वेळाने बंद करतो. त्यावर रेग्युलेटर कायम चालू ठेवायचा ‘ऑलवेज-ऑन’ हा उपाय सुचवला जातो. निदानासाठी ठीक, पण तसाच ठेवला तर टॅबलेट झोपलेला असतानाही ती लाइन वीज खात राहते. पॅनेलच्या नोडमध्ये योग्य रेग्युलेटरचा संदर्भ देणं हाच नीट उपाय.

कंपन्यांना दोष द्यायचाच, तर तो नेमका द्यावा. अपडेट थांबवताना त्यांनी वीजजोडणीचा नकाशा, पॅनेलचं टायमिंग आणि ते सुरू करायच्या आज्ञांचा क्रम, बॅटरीच्या मर्यादा जाहीर कराव्यात. मागणी करताना अनलॉक कोडसोबत हेही मागा.