खाटा मोजण्याआधी रात्रपाळी मोजावी

आमच्या तालुक्याच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे श्रेणीवर्धन होऊन ते ५० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय होणार, ही बातमी गेल्या आठवड्यात गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आली आणि तिच्याखाली अभिनंदनाची रीघ लागली. मी नोकरी केली ती या रुग्णालयात नाही, पण कोकणातल्याच अशा एका रुग्णालयात परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख परिचारिका, म्हणून मी निवृत्त झाले, आणि तिथे ३० चे ५० होताना मी जवळून पाहिले. म्हणून अभिनंदन करण्याआधी एक प्रश्न विचारावासा वाटतो. या वाढीव २० खाटांसाठी रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत परिचारिका किती असतील?

प्रश्न खवचटपणाने विचारलेला नाही. शासकीय व्यवस्थेत इमारत बांधणे, पदे निर्माण करणे आणि ती पदे भरणे ही तीन स्वतंत्र कामे आहेत आणि ती तीन वेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या गतीने पुढे सरकतात. इमारत दिसते, तिच्या उद्घाटनाला मंडप घालता येतो, त्यामुळे ती आधी होते. आकृतिबंधाला, म्हणजे कोणती पदे किती असावीत या आराखड्याला, मान्यता मिळून पदे मंजूर व्हायला पुढची काही वर्षे जातात, आणि मंजूर झालेले पद भरले जाईपर्यंत जुन्यांपैकी एखादी निवृत्त झालेली असते. आमच्याकडे नव्या कक्षातल्या गाद्यांचे प्लास्टिक दीड वर्ष निघाले नव्हते. त्या काळात कागदोपत्री आम्ही ५० खाटांचे रुग्णालय होतो.

पाळ्यांचा हिशेब रुग्णालयाबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतो, म्हणून तो जरा सविस्तर मांडते. एका कक्षात चोवीस तास एक, फक्त एक, परिचारिका हवी असेल तर सकाळ, दुपार आणि रात्र मिळून वर्षाला १०९५ पाळ्या भराव्या लागतात. एका परिचारिकेच्या वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ किरकोळ रजा, ३० अर्जित रजा आणि सणावाराच्या सुट्ट्या वजा केल्या, तर तिच्याकडून अडीचशेच्या आसपास पाळ्या मिळतात, आणि रात्रपाळीनंतरचा नाईट ऑफ धरला तर त्याहूनही कमी. म्हणजे एका खुर्चीवर सदैव एक माणूस दिसण्यासाठी साडेचार माणसे लागतात. आमच्याकडे अधिपरिचारिकांची, म्हणजे पाळीवर काम करणाऱ्या परिचारिकांची, मंजूर पदे सात होती. त्यातली एक जिल्ह्याच्या ठिकाणी प्रतिनियुक्तीवर, एक १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर, उरल्या पाच. या पाच जणींत आंतररुग्ण कक्ष, प्रसूतिगृह, बाह्यरुग्ण विभागातील इंजेक्शनची खोली आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी शस्त्रक्रियागृह, एवढे सगळे बसवायचे. रात्री एकीपेक्षा अधिक जण ठेवणे मला क्वचितच जमले.

अशाच जुलैतल्या एका रात्री, पाळीवरची परिचारिका आयत्या वेळी रजेवर गेल्याने, मी स्वतः पाळीवर होते. प्रसूतिगृहात एक पहिलटकरीण टेबलावर होती, कळा जोरात होत्या, आणि साडेबाराच्या सुमारास भाताच्या खाचरात फुरसे चावलेल्या माणसाला घेऊन चौघे जण आले. डॉक्टर हजर होते, खाट रिकामी होती, सर्पदंशाची लस कपाटात हवी तेवढी होती. वर्तमानपत्रात ज्याची टंचाई छापून येते, त्यातले काहीही त्या रात्री कमी नव्हते. परंतु ही लस भुकटीच्या रूपात येते. एकेका कुपीत निर्जंतुक पाणी सोडून ती हळूहळू फिरवत विरघळवावी लागते, घाईने हलवली तर फेस होतो, आणि सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. शिवाय रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरकी करून ते गोठले का पाहायचे; लस सुरू झाल्यावर रिॲक्शन येते का, यावर नजर ठेवायची आणि ॲड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचे. या प्रत्येक कामाला कुणाचे तरी दोन हात आणि घड्याळावर एक डोळा लागतो. डॉक्टर प्रसूतीकडे गेले, मी रुग्णाजवळ राहिले, आणि आमचे कक्षसेवक मामा माझ्यासमोर बसून, मी सांगेन तशी, एकेक कुपी दोन्ही तळव्यांत धरून फिरवत राहिले. ते त्यांचे काम नव्हते, आणि नियमाला धरूनही नव्हते. दोन्ही रुग्ण सुखरूप घरी गेले, म्हणून हे आज सहज लिहिता येते.

तसे नेहमीच होत नाही. भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा तेथील १७ बालकांपैकी १० दगावली. पुढे गुन्हा दाखल झाला तो पाळीवरच्या दोन परिचारिकांवर. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मात्र ती बातमी वाचताना माझ्यासारख्या अनेकींनी मनातल्या मनात आपापल्या रात्रपाळीचा तक्ता पुन्हा तपासला असेल, एवढे मी खात्रीने म्हणू शकते.

साहित्याच्या बाबतीतही खाटांचा आकडा असाच फसवा असतो. एका खाटेला चादरींचे दोन जोड पुरतात, असा हिशेब कार्यालयात बसून कुणीही करील. प्रत्यक्षात एक जोड खाटेवर, एक मळलेला, एक धोब्याकडे आणि एक दोरीवर असतो, आणि कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचा जोड चार-चार दिवस वाळत नाही. आम्ही औषधाच्या रिकाम्या खोक्यांच्या खोलीत पंखा लावून चादरी वाळवल्या आहेत. पाहुण्यांची तपासणी असली की कपाटातला कोरा जोड निघे, आणि तपासणी संपली की घडी घालून परत जाई.

त्या कपाटाबद्दल एक कबुलीही द्यायला हवी. प्रत्येक परिसेविकेच्या कपाटात आणखी एक छुपे कपाट असते, तसे माझेही होते. भांडारातून पुढचा साठा केव्हा येईल याचा भरवसा नसल्यामुळे सलाईनच्या नळ्या, हातमोजे, प्रसूतीत लागणारे ऑक्सिटोसिन असे काही ना काही मी मागे टाकून ठेवत असे. प्रत्येक कक्षाने असे केले की भांडार रिकामे दिसते, मागणी फुगते, आणि एखाद्या कपाटात औषधाची मुदत संपून जाते. दोष साठवणाऱ्या बाईच्या स्वभावात शोधला जातो, पण तो पुरवठ्याच्या बेभरवशीपणात आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, जिल्ह्यांत गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले, ज्यात आपल्या वाट्याची किती रक्कम शिल्लक आहे ते दिसते आणि तेवढ्याचे हवे ते औषध उचलता येते. गोदामात माल आहे आणि तो आपल्याला मिळणार आहे, हे ठाऊक असेल, तर कपाट भरून ठेवण्याची गरजच उरत नाही. आपल्याकडेही साठ्याची नोंद आता संगणकावर होते. पण नोंद ठेवणे आणि वेळेवर माल पोचणे यांत फरक आहे, आणि ती नोंद करण्यासाठी औषधनिर्माण अधिकाऱ्याला खिडकी सोडून संगणकापुढे बसावे लागते, तेव्हा खिडकीबाहेरची रांग थांबलेली असते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय मला मनापासून पटला, कारण केसपेपरच्या पैशांसाठी पदराची गाठ सोडणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. मात्र गर्दी वाढणार हे उघड असताना पाळ्या वाढवण्याचा विचारही त्याच आदेशासोबत व्हायला हवा होता. वाढलेले काम आहे त्याच माणसांत वाटले जाते तेव्हा ते शेवटी रुग्णाच्या नातेवाइकांपर्यंत जाते. स्ट्रेचर तेच ढकलतात, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत तेच पोचवतात, सलाईन संपत आले की सांगायला तेच धावत येतात. या कामाची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरीही कुठे लिहिली जात नाही.

माझ्या जागी आलेल्या सिस्टरचा परवा फोन आला होता. सप्टेंबरचा तक्ता लावायला बसली होती. “सिस्टर, गणपतीला पाचही जणींना घरी जायचंय, कुणाला सोडू?” असे तिने विचारले. मी तिला सांगितले की ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती आहे त्यांना आधी सोड, त्या परतल्या की गौरींच्या घरच्यांना पाठव, रात्रपाळ्या लग्न न झालेल्या मुलींवरच टाकू नकोस, आणि तक्ता पेन्सिलीने लिही. नव्या २० खाटांचे काय झाले, असे मी विचारले, तर म्हणाली की दहा उघडल्या आहेत, पाळीला मात्र अजून एकटीच असते.