दांडीबहाद्दर

जुना मोबाइल गेला, त्याला कुणी रडलं नाही. सहा वर्षं बिचाऱ्याने इमानेइतबारे चाकरी केली आणि शेवटी बॅटरी अशी फुगली की मागचं झाकण आपसूक उघडायला लागलं. "बाबा, हा एक दिवस खिशात फुटेल," असं म्हणून लेकीने रविवारी मला दुकानात नेऊन उभं केलं. तिथल्या पोराने कॅमेरे किती, रॅम किती, चार्जिंग किती मिनिटांत, सगळं पाठ म्हणून दाखवलं. त्याने श्वास घेतल्यावर मी विचारलं, "याला रेंज कशी येते?" नवी कोरी गाडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने 'ढकलली तर चालू होते ना?' असं विचारावं, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"काका, रेंज फोनची नसते, कंपनीची असते."

हे अर्धसत्य होतं, हे मला नंतर कळलं. उरलेलं अर्धं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत होतं.

आमच्या घरी रेंज दांड्यांमध्ये मोजायची पद्धत. "किती दांड्या आहेत?" "बाल्कनीत चार, फ्रिजपाशी एक." शब्द अगदी चपखल आहे, कारण त्या दांड्या दिसतात कमी आणि मारतात जास्त. जुना फोन स्वयंपाकघरात तीन दांड्या दाखवायचा. त्याच जागी, त्याच सिमवर नव्या फोनने एक दाखवली. तीही अशी, की पाहुणा दारातूनच 'येतो हं' म्हणून चपला घालतोय.

मी फोन परत करायच्या गोष्टी करू लागलो तेव्हा लेकीने समजूत काढली. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्या कंपन्यांना बांधून घालणारा असा काही नियम नाही. म्हणजे जुना फोन हा आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांसारखा होता, कागद कोरा दिला तरी पस्तीस मार्क ठेवायचे. खरी रेंज डीबीएममध्ये मोजतात आणि तो आकडा कायम उणे असतो. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे रडतखडत, उणे १२० म्हणजे रामराम. आणि त्यात दहाचा फरक पडला की शक्ती दहापटीने बदलते, वीसचा पडला की शंभरपटीने. बाल्कनीत उणे ८४ होते, ओट्यापाशी उणे ११४. म्हणजे वीस पावलांत रेंज हजारपटीने घटली होती.

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "ओट्यापाशी उभं राहायचं मी, आणि रेंज खायची बाल्कनीत बसून तुम्ही."

मग लेकीने वेग मोजायचं ॲप टाकून दिलं. तिने हे करायला नको होतं. बाल्कनीत उभं राहून मी 'सुरू करा' दाबलं, काटा एकदा थरथरला आणि सुसाट उजवीकडे गेला. ४१२ एमबीपीएस! दहावीला गणितात मला ५३ होते. ४१२ असा भरघोस आकडा माझ्या नावापुढे आयुष्यात पहिल्यांदाच लागत होता. मी लगेच पुन्हा मोजलं. ३९७. जरा वाईट वाटलं. तिसऱ्यांदा दाबलं तर काटा जागचा हलेना, आणि वरून मेसेज आला की आपला आजचा शंभर टक्के डेटा वापरून झालेला आहे.

हिशोब सोपा होता, पण तो आधी कुणी करत नाही. चारशेच्या वेगाने पंधरा सेकंद नळ सोडला की साडेसातशे एमबी वाहून जातात. माझा रिचार्ज रोज दीड जीबीचा. दोनदा मोजलं की दिवस संपला. उरलेला दिवस मी ६४ केबीपीएसवर काढला. ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी सांगतो: १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट आणलं, आणि पुढे घरोघरी जे कर्रर्र-किर्रर्र करणारे मोडेम आले, ते चांगल्या दिवशी ५६ केबीपीएस द्यायचे. म्हणजे सकाळी दहा वाजता मी फाइव्हजीत होतो आणि दहा वाजून एक मिनिटाने मोडेमच्या जमान्यात. फक्त तो आवाज तेवढा नव्हता.

त्याच संध्याकाळी मी अमर्याद फाइव्हजीचा महागडा रिचार्ज मारला. कशासाठी? तर वेग मोजता यावा म्हणून.

यानंतर समोरच्या फ्लॅटमधले काका या प्रकरणात शिरले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे वेगाला ते 'विसर्ग' म्हणतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं हे वर्तमानपत्राच्या आधी त्यांना ठाऊक असतं. मी ४१२ सांगितल्यावर त्यांनी चहा अर्धवट ठेवला, आत जाऊन स्वतःचा फोन आणला, माझ्याच बाल्कनीत माझ्याच कुंडीशेजारी उभे राहिले आणि मोजलं. ४६८. त्यांचा फोन माझ्या निम्म्या किमतीचा. कंपनी माझीच.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात सामने सुरू झाले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला कठडा ही तटस्थ जागा ठरली. 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी एकदम दाबायचं. ज्याचा आकडा जास्त, तो सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणार. लेकीने दोनदा सांगितलं की एका टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, तुम्ही दोघं एकदम ओढलंत तर एकमेकांच्याच तोंडचा घास काढताय. पण हे भाऊबंदकीला सांगण्यासारखं आहे. कळतं, वळत नाही.

मात्र त्यातून काकांना एक गोष्ट उमगली: गर्दी नसेल तेव्हा विसर्ग वाढतो. रात्री नऊला अख्खी इमारत मालिका नाहीतर क्रिकेट बघत असते तेव्हा ९०, आणि पहाटे साडेपाचला ६११. मीही पहाटे उठू लागलो. गेली दहा वर्षं बायको मला पहाटे उठून फिरायला जा म्हणत होती. मी अंधारात हात उंचावून पूर्वेकडे तोंड करून बाल्कनीत उभा दिसलो, तेव्हा ती दोन मिनिटं दाराआड शांत उभी राहिली. तिला वाटलं अर्घ्य देतोय.

"सूर्य उगवायचाय अजून," ती म्हणाली.

"टॉवर तिकडेच आहे," मी म्हणालो.

मधल्या काळात मी घराचा नकाशा काढला. चौकटीच्या वहीत प्रत्येक खोलीचे चार कोपरे आणि मध्यबिंदू, प्रत्येक ठिकाणी डीबीएम आणि वेग, लाल-हिरव्या शाईत. फ्लॅट घेताना वास्तुवाल्याला पाच हजार देऊन जे ज्ञान मिळालं नाही, ते या वहीत फुकट मिळालं. सगळ्यात जोरकस रेंज ईशान्य कोपऱ्यात होती, म्हणजे देवघरात. पंचवीस वर्षं देवांनी तिथे बसून केलं काय, हे कुणास ठाऊक. आग्नेयेला आमचं स्वयंपाकघर. तिथे फाइव्हजी सोडाच, फोरजीही चोरपावलांनी यायचं. यात अग्निदेवाचा दोष नव्हता. फाइव्हजीच्या ३५०० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या लहरी भरपूर माल वाहून आणतात, पण नाजूक असतात. सळयांची काँक्रीटची भिंत आडवी आली की दमतात. आणि आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून फ्रिज, खाली स्टीलच्या ट्रॉल्या, मांडणीवर स्टीलचे एकवीस डबे उतरत्या भाजणीने. लहरींच्या दृष्टीने तो भुईकोट किल्ला होता. मी डबे प्लॅस्टिकचे घेऊया असं सुचवून पाहिलं. ते डबे सासूबाईंनी रुखवतात दिलेले आहेत. विषय तिथेच संपला.

कंपनीलाही फोन केला. कुठल्या, ते सोडा. सात वेळा एक दाबून, दोनदा दोन दाबून शेवटी माणूस लागला. त्याने फोन बंद करून चालू करायला सांगितला. मी केला, त्यामुळे अर्थातच तो माणूस गेला. पुन्हा सगळं दाबून दुसरी बाई लागली. "सर, आपला आवाज तुटतोय. आपण जरा बाल्कनीत येऊन बोलाल का?"

आता एक कबुली द्यायला हवी. आमच्या इमारतीच्या गच्चीवर चार वर्षांपूर्वी टॉवर येणार होता. भाडंही बरं मिळणार होतं. पण सर्वसाधारण सभेत एकाने व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज वाचून दाखवला, त्यात टॉवरमुळे चिमण्यांपासून माणसांपर्यंत सगळे कसे संपणार ते लिहिलं होतं. सभा हादरली. ठराव एकमताने फेटाळला गेला. २०१२ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणलेली आहे, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. शिवाय टॉवर जितका लांब, तितका आपला फोन तिथवर पोचायला जास्त जोर लावतो, आणि तो जोर नेमका आपल्या कानाशी लावतो, हेही नाही. विरोधाचा ठराव काकांनी मांडला होता. अनुमोदन कुणाचं, हे इतिवृत्तात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि सही माझी आहे.

हे इतिवृत्त एकदा काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. "धरण नको म्हणायचं आणि मग नळाला पाणी नाही म्हणून ओरडायचं," ते म्हणाले, "नोकरीत अशी माणसं फार बघितली हो." आणि लगेच मोजायला गच्चीवर गेले. टाकीच्या पलीकडून त्यांना ६९८ मिळाले. तिथून पुढे त्यांचं एकच ध्येय उरलं. सातशे पार.

या शर्यतीत माझा दम उखडला तो छोट्या 'बी'मुळे. ६११ च्या पहाटे मी एक सिनेमा उतरवायला घेतला, तर फोन म्हणाला सेकंदाला ७५. मी हादरलो. लेकीने सांगितलं, आठने भागा. वेग सांगताना बिट धरतात, फाइल मोजताना बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे विकताना छोटं माप आणि वापरताना मोठं. आमचा रद्दीवाला निदान तराजू एकच ठेवतो. काकांना हे मी सांगितलं नाही. त्यांचं वय झालंय.

मे महिन्यात आंब्याला म्हणून गावी गेलो, राजापूर तालुक्यात. घाट उतरेपर्यंत फोनवर फाइव्हजी, मग फोरजी, मग एक नुसतंच 'ई', आणि गावच्या वळणावर तेही गेलं. गावात रेंज नाही असं कुणी म्हणत नाही. रेंज आहे, फक्त तिचे पत्ते आहेत. सड्यावर शाळेच्या मागच्या गडग्यावर चढलं तर एक, देवळाच्या पायरीवर बसलं तर दुसरी. उभं राहिलं तर जाते. दुपारी कातळावर ठरावीक अंतर राखून पोरं बसलेली दिसतात, ती अभ्यास करत नसतात.

आमच्या घराची रेंज पडवीच्या तिसऱ्या खांबाला खिळ्यावर टांगलेली आहे. म्हणजे दुधाच्या पिशवीत आईचा बटनांचा फोन आणि ती पिशवी खिळ्याला. सिम वेगळ्या कंपनीचं, जुनं टूजी. त्याच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी गावाकडच्या म्हाताऱ्यांसारख्या, सावकाश पण लांबवर चालत येणाऱ्या. फोन वाजला की आई पिशवीत कान घालूनच बोलते, कारण खिळ्यावरून काढला की तो तुटतो. बोलते तेही घाईने. इनकमिंगला पैसे पडायचे बंद झाले त्याला २००३ पासून किती वर्षं झाली, तरी तिचा विश्वास बसलेला नाही. विषय दोनच: आंबा आणि भाऊबंद.

मी नवा फोन घेऊन खळ्यात फिरत होतो. उणे ११९, उणे १२१, मग काहीच नाही. आई वाल सोलत बघत होती.

"काय शोधतोस?"

"रेंज."

"त्या खांबाकडे आहे ती. सगळी संपवू नको, मला संध्याकाळी माहेरी फोन करायचाय."

तेवढ्यात पिशवी वाजली. आई उठली, हात पदराला पुसले, पिशवीत डोकं घातलं. "हां... हां... कोण?... पुण्याहून?... मोठ्याने बोला... काय झाला म्हणता?" पलीकडचं माणूस इतकं ओरडत होतं की मला खळ्यातही आवाज ओळखू आला. बायकोकडून नंबर मिळवला असणार. आईचा चेहरा मात्र भराभर उतरत गेला. तिने पिशवीचं तोंड मुठीत गच्च आवळलं आणि दबक्या आवाजात मला जवळ बोलावलं.

"अरे, कोण हा मेला? सातबारा झाला, सातबारा झाला म्हणून नाचतोय. आपल्या सातबाऱ्यावर आधीच बत्तीस नावं आहेत, हा तेहतिसावा कुठून आणलास?"