सदऱ्यांचा पांढरा रंग फिल्म धुताना गेलेला नाही

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. वारीतला एक्टाक्रोम ई१०० या स्लाइड फिल्मचा (जिच्यावर थेट रंगीत पारदर्शक चित्र येतं) रोल आमच्याकडे धुतला, वारकऱ्यांचे सदरे-टोप्या कोऱ्या कागदासारख्या आल्या, केमिकल जुनं असणार, असं तुम्ही लिहिलंय. वारीतला क्षण पुन्हा मिळत नाही, तुमचा राग मला समजतो. म्हणून तुम्ही काउंटरवर ठेवून गेलेल्या पट्ट्या काल लाइट बॉक्सवर घेतल्या आणि भिंगाखाली एकेक फ्रेम पाहिली.

स्लाइड धुताना पहिला डेव्हलपर (चित्र उमटवणारं पहिलं रसायन) ३८ अंशांवर सहा मिनिटं लागतो. तो जास्त तापला किंवा वेळ वाढली, तर अख्खा रोल फिका पडतो. फिल्मची कडही फिकटते, जिथे लेन्समधला उजेड पोचतच नाही. तुमच्या पट्ट्यांची कड गडद काळी आहे. डोक्यावर तुळस घेतलेल्या मावशींची सावलीतली फ्रेम तर सुरेख आलीय, लुगड्याचा हिरवा रंग अगदी जिवंत.

पांढरे पडून उडालेत ते उन्हातले फोटो. काळ्या दगडी भिंतीपुढच्या आजोबांच्या फोटोला उजेड मोजणारा मीटर १/१२५ सेकंद आणि एफ/८ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त) दाखवत होता, असं तुम्हीच लिहिलंय. मीटरला भिंत आणि सदरा यांतला फरक कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करडं करायचं, एवढंच तो जाणतो. चौकट भिंतीने भरलेली, म्हणून त्याने भिंत उजळली. भर उन्हात १०० आयएसओच्या (फिल्मच्या संवेदनशीलतेचं माप) फिल्मला १/१२५ वर एफ/१६ पुरतं. म्हणजे सदऱ्यावर दोन स्टॉप जास्त, चौपट उजेड पडला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). त्याच जागी काढलेला निगेटिव्हचा रोल दुसरीकडे छान आला, कारण निगेटिव्ह एवढं सहज पोटात घालते. स्लाइडवर मात्र उडालेल्या जागी नुसती पारदर्शक फिल्म उरते, स्कॅनरला तिथे काही सापडत नाही.

पुढच्या वेळी स्पॉट मीटर (एका छोट्या जागेचाच उजेड मोजणारा) थेट सदऱ्यावर धरा. एफ/३२ दाखवला तर दोन स्टॉप उघडा, एफ/१६. सदरा पांढरा राहील आणि चुण्याही दिसतील. स्पॉट नसेल तर त्याच उन्हात तळहात धरून रीडिंग घ्या आणि एक स्टॉप जास्त द्या. भिंत काळीभोर होईल, होऊ द्या. मला तर स्लाइडचा तो काळा फार आवडतो.

आमचंही चुकलं. तुमचा फोन आला तेव्हा ‘स्लाइड अशीच येते’ एवढंच सांगून ठेवून दिला. हे काही उत्तर झालं नाही, माफ करा. पट्ट्या तुमच्या नावाच्या पाकिटात ठेवल्यात. याल तेव्हा कॅमेरा घेऊन या, दुकानासमोरच्या उन्हात मीटर कसा धरायचा ते मी स्वतः दाखवतो. पुढचा स्लाइडचा रोल आमच्याकडून मोफत धुऊन देऊ.