पन्नास माणसांच्या कार्यक्रमात जादूगार काहून? आर्णीकडच्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची कमेंट सकाळीच वाचली, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखी नव्हती म्हणून आता रात्री निवांत बसून लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, कंपनीच्या छोट्या कार्यक्रमासाठी लोकांमध्ये मिसळून प्रयोग करणारा जादूगार बोलवा असं मी लिहिलं होतं, त्यावर भाऊ म्हणतात की पन्नास माणसांसाठी जादूगार म्हणजे पैशाचा चुराडा, त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा लावा नाहीतर सगळ्यांना दिसेल असा मोठा स्टेज शो घ्या, आणि आधीच बुवाबाजीनं पोखरलेल्या आपल्या भागात हातातून वस्तू काढून दाखवणारा माणूस आणून तुम्ही कोणतं भलं करताय. शिवाय स्टेजवर बोलावून गरीब माणसाची टिंगल होते ती वेगळीच.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तो एकदम खरा आहे आणि तो मी लिहायलाच पाहिजे होता. आमची शेतकरी कंपनी हिंगणघाटच्या अलीकडे, कापसाचं जिनिंग (सरकी वेगळी काढायचं काम), गोडाऊन आणि ऑफिस धरून पंचेचाळीस-पन्नास माणसं. सीझन संपल्यावर आम्ही सगळ्यांचं एकत्र जेवण ठेवतो. पहिल्या वर्षी जो जादूगार आणला तो हाताचा लय सफाईदार होता, पण त्यानं आमच्या एका हमालकाकांना समोर बोलावलं, त्यांच्या धोतरातून अंडं काढलं, मग टोपीतून काहीबाही काढत राहिला आणि लोक हसत राहिले. काका पण हसले तेव्हा. पण नंतर ते मागं जाऊन गठाणींपाशी बसले आणि पंगतीला आलेच नाहीत, आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, म्हणजे कार्यक्रम ठरवणारा मी आणि माझं लक्ष फोटोकडे. ते आजही लागतं मनाला. तेव्हापासून जादूगार ठरवताना मी पहिली गोष्ट हीच बघतो की समोर आलेल्या माणसाला तो कसं वागवतो. त्याच्याकडून कापाकापी न केलेला पूर्ण व्हिडीओ मागायचा, म्युझिक टाकलेली दोन मिनिटांची रील नाही, आणि त्यात जादूकडे कमी अन् बोलावलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे जास्त बघायचं. तो जागेवर परत जाताना ताठ चालतोय का, शेजारचा त्याला "काय झालं रे" म्हणून विचारतोय का. तसं असेल तर फोन लावा, नाहीतर राहू द्या.

दुसऱ्या वर्षी आणलेल्या पोरानं काय केलं सांगतो. रोडगे गोवऱ्यांवर भाजत होते, त्याला वेळ लागतोच, लोक आठ-दहाच्या घोळक्यात बसलेले, तर हा एकेका घोळक्यात जाऊन मांडी घालून बसायचा. सरकी भरणाऱ्या एका ताईंच्या मुठीत त्यानं स्पंजचा एक लाल बॉल दिला, मूठ घट्ट धरायला लावली आणि उघडली तर दोन. ताईंनी मूठ परत मिटली अन् कुणाला दाखवेचनात! ज्या बाईनं वर्षभर ऑफिसच्या साहेबांसमोर तोंड उघडलं नव्हतं तिच्याभोवती साहेब उभे, आणि "तुम्हीच केलं काहीतरी" म्हणून विचारतायत. भाऊ, ऑर्केस्ट्रात हे होत नाही. तिथं सगळे एकाच बाजूला तोंड करून बसतात, आवाज इतका की बाजूच्याशी बोलता येत नाही, आणि कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर ग्रेडरजवळ, हमाल हमालांजवळ. पन्नास माणसं एकत्र आणायची ती कशासाठी मग?

मोठ्या स्टेज शोला मी नावं ठेवत नाही. 1956 साली बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीवर मुलीला करवतीनं कापायचा प्रयोग केला तेव्हा बघणाऱ्यांनी घाबरून फोन केले होते, एवढी ताकद असते त्यात. पण तसल्या प्रयोगाला पडदा लागतो, ठरलेला लाईट लागतो, मधे अंतर लागतं, आणि आपल्या गोडाऊनमध्ये एक हॅलोजन, तोही पाठीमागून, आणि लोक तिन्ही बाजूंनी. सगळ्यांसाठी मिळून अर्धा तास ठेवायचाच असेल तर लोकांना अर्धगोलात बसवा, त्याच्या पाठीमागं कुणी नको, लाईट समोरून, आणि माईक हातातला देऊ नका, कॉलरचा द्या, त्याचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत. पत्त्यांचे प्रयोग आधी विचारून घ्या. इस्पिक-बदाम सगळ्यांना कळतं, पण काही जुन्या लोकांना पत्ते म्हटलं की जुगारच दिसतो अन् बायका मागं सरकतात. दोरी, नाणी, वाट्या-गोळ्या, उसनी घेतलेली नोट, हे कुठंही चालतं.

आता बुवाबाजी. इथं मात्र माझं मत तुमच्या उलट आहे. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते शाळेशाळेत काय दाखवतात? जास्वंदीचा रस लावलेल्या सुरीनं लिंबू कापतात, आंबट लागलं की रस लाल होतो आणि लिंबातून रक्त आल्यासारखं दिसतं. हीच युक्ती बुवा करतो तेव्हा तो दैवी शक्ती सांगतो, जादूगार करतो तेव्हा तो युक्तीच म्हणतो. अंनिसच्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला तोही चमत्काराच्या नावावर फसवणाऱ्यांसाठी आहे, करमणूक करणाऱ्यांसाठी नाही. पण अट एकच, जादूगारानं सुरुवातीलाच लोकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे की हे सगळं सरावाचं काम आहे. मनातलं ओळखायचा प्रयोग असेल तर दुप्पट स्पष्ट सांगायचं, कारण आमच्याकडे एका मावशीनं त्या पोराला बाजूला घेऊन हरवलेल्या डोरल्याचं विचारलं होतं. त्यानं हात जोडून सांगितलं, मावशी मला काहीच दिसत नाही, मी फक्त हात चालवतो. माझा त्याच्यावर विश्वास बसला तो तिथंच. आणि गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले ना, त्यांचं कीर्तन म्हणजे लोकांना सवाल टाकायचा आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचं. समोरच्याला सामील करून घेऊन शहाणं करायची रीत आपल्याकडे नवी नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. आगीचे प्रयोग जिनिंगच्या आवारात अजिबात नको. बोटातून भडका काढतात तो फ्लॅश पेपर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, तेही कापसासारख्याच सेल्युलोजपासून बनवतात, आणि आपण बिडी-काडी गेटवर काढून घेतो त्याच शेडमध्ये तो पेटवायचा? बोलणी करतानाच नाही म्हणायचं, तो कितीही सेफ आहे म्हणाला तरी.

तुमच्या पतसंस्थेचा कार्यक्रम मार्चनंतर आहे असं लिहिलंय तुम्ही. जागा कशी आहे, माणसं किती, त्यात बायका किती, जेवण आधी की नंतर, एवढं इथंच खाली लिहा. आणि बिदागी ठरवताना त्याच्या परतीच्या बसचं आधी विचारा भाऊ, आपल्याकडून रात्री उशिरा काही मिळत नाही, राहायची सोय आपल्यालाच करावी लागते.