चाकूमुळे नव्हे, कडेला उरल्यामुळे परत येतो

“त्वचेच्या कॅन्सरला चाकू लावू नका. कापला की मुळं पसरतात आणि त्याच जागी दुप्पट वेगाने उगवतो. त्यापेक्षा चुना-सोडा लावा, गळून पडेल.” हा मेसेज घरोघरी फिरतोय.

आधी ‘मुळं पसरतात’ हे घेऊ. मुळं खरीच असतात, पण ती चाकूच्या आधीपासून असतात. त्वचेच्या कॅन्सरांतला बेसल सेल कार्सिनोमा दिसतो त्यापेक्षा कातडीखाली जास्त फैलावलेला असू शकतो. दिसणाऱ्या कडेबाहेर ४ मिमी निरोगी कातडी घेऊन कापलं, तर २ सेंमीपेक्षा लहान आणि स्पष्ट कडेच्या सुमारे ९५ टक्के गाठी पूर्ण निघतात. घोळ होतो तो नाक, पापणी, कान आणि ओठांपाशी. तिथे कातडी मुळातच कमी, म्हणून हात आखडता घेतला जातो आणि एखादी शाखा आत राहते.

“रिपोर्टमध्ये कडा साफ होत्या, तरी आला!” हेही घडतं. काढलेल्या तुकड्याचे पावासारखे काप करून त्यातले मोजकेच तपासतात. अशाने कडेचा जेमतेम एक-दोन टक्के भाग नजरेखाली येतो. मोह्‌स पद्धतीत थर काढून त्याची सगळी कड त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जिथे पेशी दिसल्या तिथूनच पुढचा थर काढतात. चेहऱ्यावरच्या, जास्त धोक्याच्या बेसल सेलवर नेदरलँड्समध्ये या दोन पद्धतींची तुलना झाली. पहिल्यांदाच झालेल्या गाठींत १० वर्षांनी नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के, तर मोह्‌सनंतर ४.४ टक्के गाठी परत आल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक ५ वर्षांनंतर उगवल्या. दुप्पट वेग कुठे दिसतो यात?

चाकूचा स्पर्शही न झालेल्या जागी कॅन्सर होतोच. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये धोतराच्या गाठीखाली, कमरेला होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन केलं होतं. तिथे दोषी होतं ते वर्षानुवर्षांचं घासणं.

चुना-सोड्याबद्दल मात्र राग यावा अशी गोष्ट. क्षाराने वरची कातडी जळते, खपली पडते, वर व्रण धरतो. खालच्या पेशी त्या व्रणाआड वाढत राहतात आणि तपासायला तुकडाही उरत नाही.

तुकडा काढून फेकून देणारेही आहेत, म्हणून आधीच डॉक्टरांना विचारा. तो फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) तपासणीला पाठवतात का? एका टोकाला खुणेचा टाका घालतात का? टाका नसेल तर ‘कड बाधित’ असं कळूनही नेमकी कोणती, ते सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये उपप्रकार, सर्वांत जवळची कड किती मिमीवर, खोली आणि मज्जातंतूभोवती शिरकाव आहे का, एवढं हवंच. शेजारची कातडी फिरवून खड्डा बुजवायचा असेल आणि कडेबद्दल शंका असेल, तर रिपोर्ट येईपर्यंत थांबलेलं बरं. नाहीतर उरलेल्या पेशी त्या कातडीखाली गाडल्या जातात.

स्क्वॅमस सेल हा त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार परतला तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, आणि तो लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) जाऊ शकतो. म्हणून तपासणीत व्रणाबरोबर मान, काख किंवा जांघही चाचपतात. घरी व्रणावर बोट फिरवून पाहा: मोत्यासारखा चकचकीत उंचवटा, पुन्हापुन्हा धरणारी खपली किंवा महिनाभर न भरणारा चिरा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.