ओटीपी कोणी सांगायचा?

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्याविरुद्ध निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. निषेधाचं काही वाटलं नाही, पण ते 'एकमताने' जिव्हारी लागलं. कारण आमच्या ग्राहक गटात आजवर एकमताने काहीही झालेलं नाही. पिशव्या कापडाच्या की तागाच्या यावर आम्ही चार महिने घालवले, त्यात दोन सभात्याग झाले, आणि तेवढा काळ माल प्लॅस्टिकच्या गोण्यांतूनच येत राहिला.

गट म्हणजे डोंबिवलीतली सत्तावीस घरं. महिन्याची यादी करायची, दलाल टाळून थेट शेतकऱ्याकडून माल आणायचा आणि पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये वाटप. शेतकऱ्याला रास्त भाव, जमिनीला विष नाही, मजुराची पिळवणूक नाही, आपल्या पोटात भेसळ नाही. नाव ठेवायला जागा नाही. सुरुवातीला वर्गणीसाठी जिने चढलो तो मीच, हे आता कोणाला आठवत नाही ते सोडा.

आमचे अध्यक्ष जुने काँग्रेसवाले. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. ते दर वार्षिक सभेत इंग्लंडातल्या रॉचडेलच्या सहकारी दुकानापासून सुरुवात करतात. १८४४ साल, अठ्ठावीस माणसं, दुकानात लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या. त्या अठ्ठाविसांत मताधिकारासाठी लढणारे चार्टिस्ट होते, रॉबर्ट ओवेनच्या सहकाराच्या विचाराचे ओवेनवादी होते, तरी दुकान चाललं, कारण राजकारण उंबऱ्याबाहेर ठेवायचा नियम होता. आमच्याही नियमावलीत तसं कलम आहे. ते कोणी सुचवलं याच्या श्रेयावरून दोन वर्षं वाद चालू आहे.

मालाचं म्हणाल तर चक्क जागावाटप झालेलं आहे. तूरडाळ कॉम्रेडच्या कोट्यातली, त्यांच्या शेतकरी चळवळीतल्या ओळखीने विदर्भातून येते. गूळ आणि तूप शाखेतल्या नानांचं. साबण, उदबत्ती, हातसडीचा तांदूळ सेवादलवाल्या ताईंकडे. साहेबांकडे काहीच नाही, म्हणून ते अध्यक्ष. तराजूवर दोघं साडू. सेना फुटल्यावर एक इकडे राहिला, एक तिकडे गेला. एकमेकांवर काडीचा विश्वास नसल्यामुळे वजन मात्र चोख असतं.

आता इतक्या नाजूक आघाडीत 'डाळ शिजत नाही' हे वाक्य कोण बोलणार? मी एकदा बोललो. कॉम्रेडना तो शेतकऱ्यावरचा हल्ला वाटला. नानांना आनंद झाला, पण लगेच कोणीतरी गुळातल्या खड्यांचा विषय काढला आणि तेही गप्प झाले. तूर जुनी असली, उकाड्यात आणि दमट जागी पडून राहिली, की दाणा निबर होतो, हे कोणतीही आजी सांगेल. पाणी जड असलं तर आणखीच. कॉम्रेडनी यातलं फक्त पाणी उचललं. "टँकरचं पाणी वापरता ना? मग डाळीला कशाला दोष देता?" तेव्हापासून आमच्याकडे नऊ शिट्ट्यांची आमटी होते. तिला आमटी म्हणायचं ते केवळ कढीपत्त्यामुळे.

तर काल. बहिणीच्या सासरची मंडळी आठला जेवायला येणार होती. मी खाली रांगेत, हातात गटाची पिशवी. बायकोने वरून, मला न विचारता, माझ्या खात्यावरून, दहा मिनिटांत माल आणून देणाऱ्या त्या ॲपवर डाळ मागवली. सव्वासहाला एक पोरगा मोटरसायकल थेट पार्किंगमध्ये घेऊन आला आणि माझं नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्यांदा पुकारून म्हणाला, "पॉलिशची तूरडाळ, एक किलो, कोणाची?"

तराजू थांबला. दोन्ही साडूंनी एकाच वेळी मान वर केली.

"माझी नाही," मी म्हणालो. तेवढ्यात माझ्या खिशात ओटीपी वाजला.

नाना पुढे झाले. "कंपनी कुठली रे ही? आपली का परकी?"

"माहीत नाही काका. मी दिवा गावचा."

कॉम्रेडनी नानांना बाजूला केलं. "दिवसाला किती सुटतात? पेट्रोल कोणाचं? पडलास तर दवाखान्याचा खर्च कोण करणार?"

"काका, ओटीपी."

"राजस्थानात २०२३ साली तुमच्यासाठी कायदा झाला, ठाऊक आहे?"

"मी दिव्याचा, काका."

ताईंनी दरम्यान पिशवीत हात घालून प्लॅस्टिकची तीन आवरणं मोजली आणि ती सगळ्यांना दिसतील अशी उंच धरली. तेव्हा नाना म्हणाले, "कॉम्रेडचं बरोबर आहे." पंधरा वर्षं हे दोघं एका लिफ्टमध्ये चढत नाहीत. वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला.

आता ओटीपी द्यायचा नाही, इथवर सगळे एक झाले. प्रश्न आला तो याला म्हणायचं काय. ताई म्हणाल्या, असहकार. नाना म्हणाले, बहिष्कार, आणि १९०५ साली पुण्यात सावरकरांनी पेटवलेल्या विलायती कपड्यांच्या होळीवर गेले. कॉम्रेड म्हणाले, काहीही म्हणा, पण हा पोरगा माल परत घेऊन गेला तर मार त्यालाच बसणार, तेव्हा कामगाराच्या हितासाठी डाळ स्वीकारलीच पाहिजे. ताईंना तत्त्वाशी तडजोड नको होती. साहेबांनी दोन्ही हात वर केले (हे ते फार छान करतात) आणि मधला मार्ग काढला: डाळ स्वीकारायची, पण शिजवायची नाही.

"साहेब, माणसं आठला येणार आहेत," मी म्हणालो.

"तुमच्या भावना नोंदवून घेऊ."

माझा मोबाइल माझ्या हातातून घेऊन अध्यक्षांनी ओटीपी जाहीर केला. चार आकडे, निवडणुकीचा निकाल वाचावा तसे.

यात एक गोष्ट राहून जायला नको. हा गोंधळ चालू असताना तो पोरगा शांतपणे गटाच्या गोणीपाशी गेला होता. चार दाणे तळहातावर घेऊन त्याने चोळले, एक दाताखाली धरला आणि म्हणाला, "ही जुनी आहे. माझी आई असली वाण्याला परत देते." ताईंनी त्याला कोकम सरबत दिलं. इतिवृत्तात सरबताची नोंद आहे.

माझी आई १९७२ च्या दुष्काळानंतर गोरेगावात लाटणं मोर्चात गेली होती. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट, एरवी तिघींचे पक्ष एकमेकांना पाण्यात पाहणारे, पण महागाईविरुद्ध त्या एका समितीत होत्या. आई सांगायची, भाषणं कळोत न कळोत, मागणी कळायची: तेल द्या, रवा द्या, रॉकेल द्या. त्या बायकांना संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवायची होती. आमच्या गटाच्या कार्यकारिणीत सात जण आहेत. त्यातल्या पाचांना कुकरची शिट्टी कुठून काढायची ते माहीत नाही, आणि ताईंकडे डबा येतो. मी हे काल बोललो. ठरावात त्यामुळे 'तीव्र' हा शब्द वाढवण्यात आला.

खरं सांगायचं तर मला राग आहे. मी रास्त भाव देतो, आगाऊ देतो, रविवार देतो. दोन किलो डाळ मागितली तर दोन किलो नीती मिळते आणि डाळ शिजत नाही. आमच्या या चौघांनी एकत्र यायला माझी काही हरकत नव्हती. चार पक्षांनी मिळून त्या विदर्भातल्या माणसाला एक फोन केला असता, की बाबा रे, या वर्षीची तूर पाठव, तर बास होतं. पण फोन केला तर डाळ जुनी आहे हे मान्य होतं, मग गूळ उघडतो, मग साबणाला फेस का येत नाही ते उघडतं. तेव्हा फोन नाही, ठराव.

जप्त केलेली डाळ सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात आहे. कपाटाला दोन कुलपं आहेत आणि किल्ल्या दोन साडूंकडे एकेक. म्हणजे महाराष्ट्राचं राजकारण सुरळीत झालं, की डाळ मिळेल.

काल पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढली. बहिणीची सासू म्हणाली, "वा, मुद्दाम साधा बेत केलात." बायको माझ्याकडे बघत नव्हती.

आज सकाळी गटाची डाळ लावली. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कॉम्रेडचा आवाज आला, "किती झाल्या?"

"अकरा."

थोडा वेळ शांतता. मग, "पाणी टँकरचं असेल."